पोटॅशियमची पूरक औषधे, आपले क्षारकल्प आणि वृक्क

मूत्रल औषधे घेणाऱ्या रुग्णास सोबत पोटॅशियम क्लोराइडचे सिरप अथवा गोळी देण्याची पद्धत आता खेड्यापाड्यांपर्यंत रुजली आहे. हृद्रोग, उच्च रक्तदाब, शोथ, उदर अशा व्याधींचे जे रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतात, त्यांपैकी अनेकांच्या पिशवीत हे सिरप असते. रुग्ण त्याला ‘ताकदीचे औषध’ म्हणतो, घरातील मंडळी ‘मिठाचे पाणी’ म्हणतात आणि आपण वैद्य बहुधा त्याच्याकडे पाहतच नाही. ‘ते ॲलोपॅथीचे, आपला काय संबंध’, अशी आपली धारणा असते. प्रस्तुत लेखात आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की संबंध अगदी जवळचा आहे. कित्येकदा आपणही त्याच रुग्णास पोटॅशियमच देत असतो, फक्त त्याचे नाव वेगळे असते.

प्रथम थोडे शरीरक्रियेविषयी. प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे ३००० ते ३५०० मिलिइक्विव्हॅलंट (यापुढे ‘मिइ’) पोटॅशियम असते. त्यातील ९८ टक्के पेशींच्या आत, मुख्यतः मांसधातूत असते. पेशींबाहेरील द्रवात ते जेमतेम ६० मिइ भरते. रक्ततपासणीत आपल्याला दिसते ते हेच बाहेरचे पोटॅशियम आणि त्याची प्राकृत मर्यादा प्रतिलिटर ३.५ ते ५.० मिइ इतकी अरुंद आहे. हृदयाच्या पेशींची विद्युत्क्रिया या आत-बाहेरच्या तफावतीवर चालते. आता असे पाहा की रोजच्या आहारातूनच ५० ते १०० मिइ पोटॅशियम पोटात जाते, म्हणजे पेशींबाहेर जेवढे आहे जवळजवळ तेवढे किंवा त्याहून अधिक. तरीही निरोगी मनुष्यास काही होत नाही, कारण जेवणानंतर स्रवणारे इन्सुलिन त्याला तात्पुरते पेशींत ढकलते आणि पुढील काही तासांत वृक्क त्याला मूत्रावाटे बाहेर काढतात. सुमारे ९० टक्के निचरा वृक्कांचा, उरलेला मोठ्या आतड्याचा. निचऱ्याचा हा मार्ग मोकळा असेपर्यंत तोंडावाटे घेतलेले पोटॅशियम सहसा घातक ठरत नाही. तो अरुंद झाला की मात्र तीच मात्रा विषवत् होते. किती दिले, यापेक्षा कोणाला दिले हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा.

बाजारात मिळणाऱ्या पोटॅशियम क्लोराइड सिरपच्या १५ मिलीत सामान्यतः १.५ ग्रॅम क्षार, म्हणजे २० मिइ पोटॅशियम असते. हा आकडा नुसता वाचून त्याचा बोध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुधारित केलेल्या जलसंजीवनीच्या सूत्रात एक लिटर पाण्यास पोटॅशियम क्लोराइड असते १.५ ग्रॅम. म्हणजे अतिसाराचा रुग्ण दिवसभर घोट घोट करून जे लिटरभर पाणी पितो, त्यातील सगळे पोटॅशियम या सिरपच्या तीन चहाच्या चमच्यांत आहे. त्यातही घरोघरचा चमचा सारखा नसतो. कोणाकडे पाच मिलीचा, कोणाकडे पोह्यांचा. बाटलीसोबत मिळणारे मापाचे झाकण बहुधा पहिल्या आठवड्यातच हरवते.

पचनमार्गावरील दुष्परिणाम सर्वांत अधिक आढळतात आणि त्यांची कल्पना रुग्णास असतेच. मळमळ, वांती, उदरशूल, आध्मान, द्रवमलप्रवृत्ती. सिरप पाण्याविना किंवा रिकाम्या पोटी घेतल्याने हे बहुतांशी होते. किमान अर्धा पेला पाण्यात मिसळून, जेवणानंतर, पाच-दहा मिनिटे सावकाश पीत घेतल्यास पुष्कळसा त्रास टळतो. आम्लपित्ताची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णास सूतशेखर देण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारून पाहावा.

गोळ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे आणि तिचा इतिहासही उद्बोधक आहे. १९६० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत थायाझाइड मूत्रल आणि आंत्रविलेय आवरणाचे पोटॅशियम क्लोराइड एकत्र असलेल्या गोळ्या प्रचारात होत्या. गोळी आमाशय ओलांडून लघ्वंत्रात जाई आणि एकाच जागी विरघळून तेथील श्लेष्मल त्वचा जाळी. पुढे त्या जागी व्रण, व्रणातून आंत्रसंकोच, काहींत आंत्रभेद. १९६४ च्या सुमारास स्वीडन आणि अमेरिकेतील शल्यविदांनी हा संबंध उघड केला. त्यानंतर पोटॅशियम हळूहळू सोडणाऱ्या, मेणाच्या जाळीत बांधलेल्या गोळ्या आल्या. त्यांनी धोका पुष्कळ घटला, संपला मात्र नाही. गोळी कोठे अडकली तर तेथे संहत क्षार साचतो, हे तत्त्व कायमच आहे. अमेरिकेत विनाचिठ्ठी मिळणाऱ्या पोटॅशियमच्या पूरक गोळ्या आजही बहुधा ९९ मिलिग्रॅमच्याच असतात, त्यामागे हाच लघ्वंत्रव्रणांचा अनुभव आहे. क्षाराने पाटनाशिवाय छेदन-भेदन होते हे आपल्याला शिकवावे लागत नाही. प्रतिसारणीय क्षार अर्शावर जे करतो, तेच अडकलेली गोळी अन्ननलिकेत करते.

अन्ननलिकेविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आमवातजन्य हृद्रोगात द्विदल कपाटिकेचा संकोच झाला की डावा अलिंद फुगतो. तो अन्ननलिकेच्या लगेच पुढे असल्याने तिला मागे दाबतो. अशा रुग्णास मूत्रलासोबत पोटॅशियमची गोळी दिली, ती त्याने घोटभर पाण्याबरोबर गिळली आणि तो आडवा झाला, तर गोळी त्या दाबलेल्या जागी राहते. अन्ननलिकेचे व्रण व संकोच झाल्याची वृत्ते नोंदलेली आहेत ती मुख्यतः अशाच रुग्णांची. आमवातज्वराचे रुग्ण आपल्याकडे अद्याप कमी नाहीत. तेव्हा हृद्रोगी रुग्णाने ‘घास छातीत अडतो’ असे सांगितले की वातानुलोमनाचा विचार करण्याआधी त्याच्या गोळ्या पाहाव्यात. अशांना द्रवरूप औषधच योग्य. ज्यांना गोळीच घ्यावयाची आहे त्यांनी ती बसून, पेलाभर पाण्याबरोबर, न चावता, न कुटता घ्यावी. पचनमार्गाची गती मंदावणाऱ्या औषधांबरोबर पोटॅशियमच्या गोळ्या निषिद्ध मानतात. डायसायक्लोमिनसारखी शूलहर औषधे त्यांत येतात. धत्तुरातील द्रव्यांचे कार्यही त्याच जातीचे असल्याने कनकासव चालू असताना आम्ही हा नियम पाळतो. जाता जाता एक किरकोळ गोष्ट : मेणाच्या जाळीची गोळी मलाबरोबर सांगाड्यासारखी तशीच पडलेली दिसते आणि रुग्ण ‘औषध पचतच नाही’ म्हणून घाबरून येतो. औषध शोषले गेलेले असते, त्यासाठी दीपन-पाचन देण्याचे कारण नाही. मल काळा पडू लागला असेल तर मात्र रक्तस्रावाचा विचार त्वरित करावा.

रक्तातील पोटॅशियमची वृद्धी हा खरा प्राणघातक उपद्रव होय. त्याची अडचण अशी की त्याला स्वतःचे असे पूर्वरूप नाही. ५.५ च्या पुढे गेलेले पोटॅशियम घेऊन रुग्ण बाजारहाट करीत असतो. काहींना पायांत जडपणा, दौर्बल्य, हातापायांस मुंग्या, धडधड, क्वचित नाडीची मंदता अथवा विषमता जाणवते. यांतले एकही लक्षण असे नाही की जे पाहून आपल्याला वात, आम किंवा धातुक्षय आठवणार नाही. ईसीजीत टी तरंग उंच व टोकदार होतो, पुढे पी तरंग विरतो, क्यूआरएस रुंदावतो आणि शेवटी हृदय थांबते. हा क्रम प्रत्येकात असाच घडेल याचा भरवसा नाही. कित्येकांत ईसीजी जवळजवळ प्राकृत असतानाच एकदम हृदयगती बिघडते.

हे कोणात घडते? ज्यांचे वृक्क दुर्बल आहेत त्यांच्यात, मधुमेहींत, वृद्धांत आणि वृक्कांकडून पोटॅशियमचा निचरा रोखणारी औषधे घेणाऱ्यांत. ही शेवटची यादी प्रत्येक वैद्यास पाठ असावी असे आमचे आग्रहाचे मत आहे, कारण यांतील बहुतेक औषधे रक्तदाब आणि हृद्रोगाची रोजची औषधे आहेत : एनलाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, अमिलोराइड, सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्या, आणि ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही ते ट्रायमेथोप्रिम, म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी दिल्या जाणाऱ्या को-ट्रायमोक्साझोलमधील एक घटक. यांपैकी दोन एकत्र आली आणि वर सिरप असले की गणित बिघडते.

स्पायरोनोलॅक्टोनचे उदाहरण आधुनिक वैद्यकानेच स्वतःसमोर ठेवले आहे. १९९९ साली एका मोठ्या अभ्यासात तीव्र हृद्दौर्बल्याच्या रुग्णांत या औषधाने मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले. अभ्यासात वृक्कदुष्टीचे रुग्ण वगळले होते आणि रक्ततपासणी वेळोवेळी होत होती. व्यवहारात औषध सर्वांना दिले जाऊ लागले. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील नोंदी २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाल्या. एनलाप्रिलच्या जातीची औषधे घेणाऱ्या वृद्ध हृद्रोग्यांत पोटॅशियमवृद्धीसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये हजारी ११ झाले. जेथे तपासण्यांची सोय आपल्यापेक्षा कितीतरी चांगली, तेथील ही स्थिती.

वृक्कांची शक्ती क्रिॲटिनिनवरून ताडताना एक चूक सर्रास होते. अहवालात १.२ हा आकडा दिसला की ‘किडनी नॉर्मल’ असे म्हटले जाते. क्रिॲटिनिन मांसधातूपासून बनते, आणि कृश वृद्ध स्त्रीत मांसधातूच अल्प. कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र सोपे आहे : १४० मधून वय वजा करावे, त्याला वजनाने गुणावे, ७२ गुणिले क्रिॲटिनिनने भागावे, स्त्री असल्यास ०.८५ ने गुणावे. सत्तर वर्षांची, ४५ किलो वजनाची आजी घ्या. क्रिॲटिनिन १.२ असताना तिची गाळणक्षमता मिनिटाला सुमारे ३१ मिली येते, म्हणजे तरुण वयाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. या आजीबाईंना कोणतेही पोटॅशियम देताना हात आखडलाच पाहिजे.

आता आपल्या घरात डोकावू. क्षार म्हणजे वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून मिळविलेला विद्राव्य भाग. वनस्पतींच्या राखेचा हा विद्राव्य भाग मुख्यतः पोटॅशियमच्या लवणांचा असतो. किंबहुना ‘पोटॅश’ हे नावच मडक्यात कालवलेल्या राखेवरून पडले. हंफ्री डेव्हीने १८०७ साली त्याच पोटॅशपासून हे मूलद्रव्य वेगळे केले आणि त्याला तिचेच नाव दिले. यवक्षार, अपामार्गक्षार, पलाशक्षार, कदलीक्षार ही त्या अर्थाने पोटॅशियमचीच पूरक औषधे होत. शुद्ध पोटॅशियम कार्बोनेट धरले तर एका ग्रॅममध्ये सुमारे १४ मिइ पोटॅशियम भरते, क्लोराइड धरले तर १३. प्रत्यक्षात कोणता क्षार किती शुद्ध, कशाचा, हे निर्मितीवर अवलंबून असते आणि बाजारातील सर्व नमुने सारखे नसतात. म्हणून आम्ही वरची मर्यादा धरूनच हिशेब करतो.

श्वेत पर्पटीचा हिशेब अधिक नेमका मांडता येतो. सोरा १६ भाग, स्फटिका २ भाग, नवसागर १ भाग असा तिचा प्रचलित पाठ आहे. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, त्याच्या एका ग्रॅममध्ये ९.९ मिइ पोटॅशियम. म्हणजे श्वेत पर्पटीच्या एका ग्रॅममध्ये निदान ८ मिइ. मूत्रकृच्छ्रात आपण ५०० मिग्रॅ दिवसातून तीन वेळा सहज देतो, ते झाले १२ मिइ. निरोगी तरुणाच्या अश्मरीत याने काही बिघडत नाही, लाभच होतो. कल्प उत्तमच आहे आणि तो टाळा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु वर वर्णिलेल्या आजीबाई मूत्रदाह घेऊन आल्या, त्यांचे सिरप दोन चमचे तीन वेळा चालू आहे (४० मिइ), आपण श्वेत पर्पटी दिली (१२ मिइ) आणि अनुपान म्हणून शहाळ्याचे पाणी सांगितले, तर बेरीज काय होते? शहाळ्याच्या १०० मिली पाण्यात सुमारे २०० ते २५० मिग्रॅ पोटॅशियम असते. एका शहाळ्याचे धरून चाला १५ मिइ. एकूण ६७, आहारातील वेगळे. पेशींबाहेरील सगळ्या पोटॅशियमपेक्षा हे अधिक. पुनर्नवेत पोटॅशियम नायट्रेट विपुल असते आणि क्वाथात ते उतरते, हेही त्यात मिळवावे. मूत्रल म्हणून दिलेले द्रव्य पोटॅशियम बाहेर नेईलच, असे गृहीत धरू नये. ते स्वतःच पोटॅशियम घेऊन येत असेल.

असा एक प्रसंग आम्ही पाहिला आहे. सुमारे अडुसष्ट वर्षांच्या एक बाई ‘पायातले बळ गेले’ म्हणून आल्या. मुलाचा आग्रह वातव्याधीसाठी बस्तीचा होता. आमच्याकडे नव्या रुग्णाने घरातील सर्व औषधांची पिशवी आणावी असा दंडक आहे. पिशवीत टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियमचे सिरप, गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि कोणा परिचिताने दिलेले यवक्षारयुक्त चूर्ण निघाले. सिरप दोन महिन्यांपूर्वी जुलाबांच्या वेळी पाच दिवसांसाठी दिलेले होते. ‘शक्ती येते’ म्हणून बाटलीमागून बाटली आणली जात होती. चिठ्ठीत एक फ्रुसेमाइडही होते, पण सारखी लघवी लागते, एस.टी.ने लेकीकडे जाता येत नाही, म्हणून बाईंनी ती एकच गोळी सोडली होती. पोटॅशियम बाहेर काढणारी गोळी बंद आणि आत आणणाऱ्या व अडवणाऱ्या सर्व चालू! पोटॅशियम ६.८ निघाले. रुग्णालयात चार दिवस राहून त्या चालत घरी गेल्या. बस्तीची गरज पडली नाही.

यावरून ‘बंद करा ते सिरप’ असे सर्वांना सांगत सुटणे हेही तितकेच धोक्याचे. पोटॅशियमचा क्षयही मारक आहे. विशेषतः डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णात पोटॅशियम उतरले की त्या औषधाची विषाक्तता वाढते. फ्रुसेमाइड नियमित घेणाऱ्यास पूरक पोटॅशियम खरोखरच लागत असेल. आपल्या चिकित्सेनेही ते घटते. वमन-विरेचनाच्या अतियोगात ते घटते, आणि यष्टीमधु दीर्घकाळ, मोठ्या मात्रेत दिल्यास त्यातील ग्लिसराइझिनमुळे वृक्क ते अधिक बाहेर टाकतात. तेथे पोटॅशियम भरत बसण्यापेक्षा यष्टीमधु थांबविणे हा उपाय. निदानपरिवर्जन म्हणजे दुसरे काय? म्हणून मात्रा ठरविणे अथवा बदलणे हे रक्ततपासणी पाहून आणि ज्या चिकित्सकाने ते औषध लिहिले त्याच्याशी बोलूनच करावे. एक दूरध्वनी पुरतो.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण यांचा अतियोग वर्ज्य सांगितला आणि क्षाराच्या अतिसेवनाने केश, नेत्र, पुंस्त्व यांबरोबर हृदयाचाही उपघात होतो असे म्हटले आहे. सुश्रुताचार्य पानीय क्षार बाल, वृद्ध, दुर्बल यांना अहितकर म्हणतात. ‘आमच्या ऋषींना पोटॅशियम ठाऊक होते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे अनेकांना होतो. आम्हाला तो अनावश्यक वाटतो. त्यांनी क्षार खाणारी माणसे पाहिली आणि जे दिसले ते लिहिले. त्यांच्या निषेधातील वृद्ध आणि दुर्बल हे आजच्या वृक्कदुष्टीच्या यादीतही अग्रभागी आहेत, इतके पुरे.

आहारातील एका नव्या वस्तूविषयी सांगणे अगत्याचे आहे. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे विकले जाते त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. ग्रामीण चीनमधील सुमारे २१ हजार लोकांच्या अभ्यासात, जो २०२१ साली प्रसिद्ध झाला, अशा मिठाने पक्षाघात आणि मृत्यू दोन्ही घटले. त्यातही गंभीर वृक्कविकाराचे आणि पोटॅशियम अडविणारी मूत्रले घेणारे रुग्ण घेतलेले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ च्या जानेवारीत या मिठाची शिफारस करताना वृक्कदुष्टीचे रुग्ण, गर्भिणी आणि बालके यांना वगळले आहे. आपले सैंधव यातले नव्हे. ते जवळजवळ सर्वस्वी सोडियम क्लोराइडच आहे. म्हणून पोटॅशियमच्या दृष्टीने त्याचे भय नाही आणि रक्तदाबाच्या दृष्टीने त्याचा विशेष लाभही नाही. रुग्ण या दोहोंत गल्लत करतात, क्वचित आपणही.

तपासणीसंबंधी दोन शब्द. रक्त काढताना पट्टा घट्ट बांधून मूठ वारंवार उघडझाप करविल्यास, बारीक सुईने जोरात ओढल्यास अथवा नमुना वेगळा न करता तसाच शीतपेटीत ठेवून तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी पाठविल्यास रक्तकणांतील पोटॅशियम बाहेर झिरपते आणि अहवाल खोटा वाढीव येतो. रुग्ण निर्धोक दिसत असेल, वृक्क चांगले असतील आणि आकडा विसंगत असेल तर नमुना पुन्हा नीट घ्यावा. पण वृक्कदुष्टी, वर सांगितलेली औषधे अथवा ईसीजीतील बदल असतील तर दुसऱ्या अहवालाची वाट पाहत बसू नये. ६ च्या पुढचा आकडा अथवा स्नायुदौर्बल्यासह वाढलेले पोटॅशियम ही रुग्णालयाची अवस्था आहे. कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिनसह ग्लुकोज, प्रसंगी डायलिसिस हे उपाय तेथेच शक्य आहेत, आणि चिकित्सालयात विरेचनाने पोटॅशियम उतरविण्याचा प्रयत्न करण्यात मोलाचा वेळ जातो.

रुग्णास पाठविताना सोबतच्या चिठ्ठीत सर्व औषधे लिहावीत, आपलीही. ‘आयुर्वेदिक पावडर चालू’ एवढ्याने रात्रपाळीच्या डॉक्टरांस काहीच कळत नाही. ‘श्वेत पर्पटी ५०० मिग्रॅ दिवसातून तीन वेळा, दहा दिवस, घटक पोटॅशियम नायट्रेट, शेवटची मात्रा आज सकाळी आठ वाजता’ असे स्पष्ट लिहावे आणि खाली आपला दूरध्वनी क्रमांक द्यावा.